रेविनची उरलेली काठी

रेविनच्या पदरात काय पडणार होतं ते आधी मोजू या, मित्रांनो. माझी ओळख काही पळून जात नाही. बचाव पथकाचं लाल जाकीट तिला मिळणार होतं. आमच्या स्की क्लबाच्या घरात रात्रीची भांडी घासायची पाळी चुकणार होती, कारण पथकातल्यांना ती पाळी नसते. थोरला भाऊ नेव्ह याचं तोंड बंद होणार होतं, आणि हा फायदा तिच्या मते पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा. पण सगळ्यांत जड वस्तू वेगळीच होती: स्कीवाल्यांना डोंगरावर ओढून नेणारा वरचा दोर. नेव्हचे गुडघे कामातून गेले होते. त्याच्या जागी पथकात कोणी आलं नाही, तर पुढच्या हिवाळ्यापासून वरचा दोर बंद, असं समितीनं सांगून टाकलं होतं. त्या दोराचे खांब रेविनच्या आईवडिलांनी इतर सभासदांबरोबर खांद्यावरून वर नेले होते. तो बंद पडलेला बघायचा नाही, एवढ्यासाठी ती बावन्नाव्या वर्षी परीक्षेला उभी राहिली. परीक्षा एकच. दोराखालचा बर्फाच्या टेंगळांचा उतार स्कीवरून न थांबता, न पडता उतरायचा.

मी रेविनच्या स्कीची जुनी काठी. ॲल्युमिनियमची नळी, खाली टोक, वर मूठ आणि मनगटाचा पट्टा. एका साच्यातून आम्ही दोघी बहिणी निघालो आणि क्राइस्टचर्चच्या दुकानातून एकाच दोरीनं बांधलेल्या रेविनकडे आलो. सुरुवातीला तिनं आमचं फार कौतुक केलं. रोज फडक्यानं पुसायची. पुढे कौतुक आटलं, पण काम सुटलं नाही.

आमच्या डोंगरावर खुर्च्यांचा पाळणा नाही. कप्प्यांवरून सरकणारा दोर आहे. कमरेच्या पट्ट्याला लोखंडी चिमटा असतो, तो दोराला लावायचा आणि पट्ट्यात बूड टेकून ओढलं जायचं. काठ्या डाव्या हातात घेऊन पाठीमागे धरायच्या, म्हणजे कप्पीत अडकत नाहीत. लहानपणापासून रेविन अशीच वर गेली. पंचाईत अशी, की खालीही ती तशीच यायची! बूड मागे, डावा हात पाठीशी. सपाट उतारावर हे खपून जातं. पण लोक वळणं घेऊन घेऊन बर्फाला टेंगळं आणतात, तिथे नाही खपत. हात मागे राहिला की अंग वळतं, वजन टाचांवर जातं, आणि स्की मालकिणीला सोडून पुढे पळतात.

हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, कारण त्या मागे राहणाऱ्या हातात मीच होते. पण काठीला तोंड नसतं. तोंड नेव्हला होतं.

"गुडघे वाकव! अगं गुडघे!" तो खालून ओरडायचा.

रेविन गुडघे वाकवायची. नुसते गुडघे वाकवले की बूड आणखी मागे जातं. चौथ्या टेंगळावर ती धपकन बसायची.

"बसली बघ परत आरामखुर्चीत! चहा पाठवू का?"

"तूच ये वर आणि दाखव करून!"

"माझे गुडघे चालले असते तर तुला कशाला वर पाठवली असती?"

पुन्हा दोर, पुन्हा टेंगळं, पुन्हा धपकन. संध्याकाळी ती बर्फ भरलेले मोजे पिळायची, आम्हाला कोपऱ्यात ओल्याच फेकायची, आणि जेवताना नेव्ह सगळ्यांना तिच्या पडण्याची नक्कल करून दाखवायचा. मला एवढंच सांगायचं होतं: बाई, हात समोर घे, आणि पायाखाली बघू नकोस. पुढचं टेंगूळ बघ. एवढंच. पण माझं सांगणं माझ्याच नळीत अडकून राहायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वर जाताना माझ्या बहिणीचा पट्टा कप्पीत गेला. हुइयानं ताबडतोब इंजिन थांबवलं. हुइया ही पथकाची प्रमुख, आणि दोराचं इंजिनही तीच चालवते. छोट्या क्लबात असंच असतं. रेविनला काही झालं नाही. बहीण मात्र आकड्यासारखी वाकली होती.

रेविन टेंगळांच्या माथ्यावर उभी राहिली. हातात मी एकटी. खालून आवाज आला, "काठीला काय रडतेस! गुडघे वाकव!"

"थांब तू," रेविन म्हणाली. "तिथेच थांब. ही काठी तुझ्या पाठीत मोडते की नाही बघ."

तिनं मला दोन्ही मुठींत आडवी धरली आणि निघाली. नजर लांबवर, नेव्हच्या टोपीवर. हात समोर, कारण मारायचं तर समोरच होतं. रागानं अंग पुढे झुकलेलं. टेंगळाच्या माथ्यावर पाय आपोआप दुमडत होते, खळग्यात लांब होत होते. ती सगळा उतार एका दमात उतरली आणि नेव्हपुढे येऊन थांबली. मारायचं मात्र राहून गेलं.

"अगं..." नेव्ह म्हणाला. "आता वाकले की नाही गुडघे!"

परीक्षेला तिनं बहिणीच्या जागी कोणाची तरी विसरलेली आखूड काठी घेतली. दोन काठ्यांचा नियम म्हणजे नियम. सुरुवातीचीच टेंगळं पार होताहेत तोवर मला धरलेला हात मागे सरकू लागला. मी घाबरले. स्की पुढे पळाल्या, बूड खाली गेलं, आणि रेविन पडायच्या बेतात असताना तिनं उसनी काठी भिरकावून दिली, मला दोन्ही हातांत आडवी घेतली आणि न थांबता खाली उतरली.

"नापास," नेव्ह म्हणाला. त्याचाही चेहरा पडला होता. "काठ्या दोन हव्यात. आमच्या वेळी दोन होत्या."

हुइयानं त्याच्याकडे बघितलं. "जखमी माणसाची स्लेज खाली आणताना दोन्ही हात कशावर असतात, नेव्ह?"

"दांड्यांवर."

"समोरच्या दांड्यांवर. मग काठ्या कुठे धरणार आहे ती, दातात? पास!"

रेविननं तिथेच हुइयाला मिठी मारली. मी बर्फात पडले ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

वरचा दोर आजही चालू आहे. रेविन स्लेज झकास आणते, हात समोर, दांड्या घट्ट, आणि काठी घेतच नाही. तिला हात समोर ठेवायला शिकवलं मी, आणि शिकल्यावर तिला माझी गरज उरली नाही! भांडी नेव्ह घासतो, आणि घासता घासता नव्या सभासदांना सांगतो, "मीच शिकवली तिला. गुडघे, सगळं गुडघ्यात असतं." हे ऐकून माझा नुसता जळफळाट होतो. मला संडासाच्या छपरावरचा बर्फ पाडायला ठेवलंय. टोक बोथट झालंय, मूठ भिजून फुगलीय.

मित्रांनो, तुमच्या घरात जोडीतली एखादी वस्तू एकटी उरली असेल, तर निदान तिला कोरडी पुसून ठेवा. ती बोलत नाही म्हणजे तिला काही कळत नाही असं नसतं.

बाकी हिशेब सरळ आहे. रेविनला मिळालं, क्लबाला मिळालं, नेव्हलाही फुशारकी मिळाली. भरलं आम्ही बहिणींनी. तिनं एकदाच, मी अजून भरतेय.