हादऱ्याच्या वेळी झोपेत

शीतलने उंबरा ओलांडला आणि तिचा पाय कापसात बुडाला. बैठकीच्या खोलीत छातीइतका ढीग होता. भाव चढेपर्यंत गावात घरोघरी असाच कापूस साठवलेला असे. भिंतीकडेने एका माणसापुरती फट उरली होती.

काल दुपारी पावणेतीनला भूकंपाचा हलका हादरा बसला होता. तो कुणाला किती जाणवला, कोण किती वेळात बाहेर पडले, याच्या नोंदी मंडल कचेरीसाठी ती घेत होती.

"काका, तुम्हाला काय जाणवलं?"

"काई नाई. झोपून होतो," वामनराव म्हणाले.

"फळीवरचे डबे पडले, तरी याईचा डोळा उघडला नाई," रेणुकाबाई आतल्या खोलीतून बोलल्या. खुबा मोडल्यापासून चार महिने त्या खाटेवरच होत्या. "सारी गल्ली रस्त्यावर, अन् आमच्या घरी आराम."

शीतलने 'झोपेत' असे लिहिले. तिला सोडायला वामनराव अंगणापर्यंत आले.

"मॅडम, ते खोडा. जागा होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "तिले उचलून त्या फटीतून निघता येत नाई. मंग डोळे मिटून पडून राह्यलो. उठलेला दिसलो असतो तर तिनं मले बाहेर हाकललं असतं."

"कापूस आत टाका. काकूंची खाट दाराशी घ्या."

"तीनदा म्हनून पाह्यलं. येनाऱ्या-जानाऱ्याची लाज वाटते तिले."

शीतल पुन्हा आत गेली. रेणुकाबाई छताकडे पाहत होत्या.

"काय सांगून राह्यले होते?"

"खाटेचं."

रेणुकाबाईंनी पांघरुणाची कड सरळ केली.

"झोपेत ते घोरतात, पोरी. काल घोरत नव्हते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"हाक मारली असती तर मले उचलाले गेले असते. दोघंबी त्या फटीत अडकलो असतो." त्यांनी दाराकडे मान वळवली. "खाट दाराशी घ्या म्हना त्याईले. लोकं पाहतील तर पाहू दे."

"तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलं तर इचारतील, आज काऊन तयार झाली. कचेरीचा हुकूम हाय म्हना."

शीतल बाहेर आली. हातातला कागद समोर धरून तिने त्यावर नसलेला हुकूम सावकाश वाचून दाखवला.

वामनरावांनी कागदाकडे पाहिलेही नाही. ते टोपली आणायला गेले.