च, डिस्क नंबर चार

कॉम्प्युटर हा प्राणी मोठा सभ्य. गळा दाबायच्या आधी परवानगी मागतो. जुनी फ्लॉपी डिस्क आत घातली आणि त्याला ती ओळखता आली नाही, तर ‘माफ करा, ओळखलं नाही’ म्हणून गप्प बसेल तर शपथ! लगेच विचारणार, ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ आणि ‘हो’चं बटण आधीच निळं करून ठेवणार. तुम्ही चुकून ‘हो’ म्हणालात की डिस्कवर होतं नव्हतं ते सगळं साफ. त्या दिवशी ओळंब्यानं तेरा डिस्का घातल्या आणि तेरा वेळा ‘नाही’ म्हटलं.

ओळंबा म्हणजे गवंड्याच्या हातातला नव्हे, चांगला पन्नाशीचा माणूस. जुनी यंत्रं दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. वाकडं म्हणून काही त्याला बघवायचं नाही. कुणाच्या घरी गेला की पाण्याचा पेला हातात यायच्या आधी भिंतीवरच्या फ्रेमी सरळ करून मोकळा. म्हणून मावशीनं त्याला लहानपणीच हे नाव ठेवलं, आणि मावशीनं ठेवलेलं नाव पुसायची कुणाची छाती नव्हती.

कारण मावशीकडे नावं भरपूर होती. तीस वर्षं ती शाळेत शिक्षिका. दिवसभर पोरांना ‘शुद्ध बोला’ म्हणून दटावायची आणि संध्याकाळी नळावर, जिन्यात, दवाखान्याच्या रांगेत बायका एकमेकींचा कसा उद्धार करतात ते वहीत टिपून आणायची. त्यातून तिनं शिव्यांचा कोश केला. तीन हजार शब्द, एकेकाचा अर्थ आणि उदाहरण. ‘अवदसा: घरात नकोशी झालेली बाई. उदाहरण: सासूनं मांजराकडे बघून म्हणावं, पण सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं.’ असं सगळं जुन्या मशीनवर टाइप करून डिस्कांवर ठेवलेलं. डिस्का चौदा. प्रत्येकीवर नंबर आणि मावशीचं मोत्यासारखं अक्षर.

आणि पाच महिन्यांपूर्वी मावशीच्या मेंदूत मुगाएवढी गुठळी झाली, नि तीन हजार शिव्यांची मालकीण ‘हे’ आणि ‘ते’वर आली. पाणी हवं असलं तरी ‘ते’, दार लावायचं असलं तरी ‘ते’. समजत सगळं होतं, डोळे पूर्वीसारखेच चालत होते, जीभ तेवढी संपावर. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी लहान मुलांची चित्रं आणली. छत्री, चेंडू, बदक. मावशीनं बदक खिडकीतून खाली सोडलं आणि तोंड भिंतीकडे केलं ते केलंच.

बाई शहाण्या होत्या. म्हणाल्या, “यांना बदक नको. यांच्या तोंडात रुळलेले शब्द द्या, यांनी स्वतः लिहिलेलं काही असेल तर सोन्याहून पिवळं. आणि लवकर द्या. उशीर होईल तसं अवघड जातं.”

मावशीच्या लेकीनं, म्हणजे ओळंब्याच्या मावसबहिणीनं, ताबडतोब त्याला फोन केला. “त्या डिस्का घेऊन बस.”

“ताई, त्यांना बुरशी लागलीय. अठरा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं मी.”

“बुरशी असू दे नाहीतर शेण असू दे, शब्द बाहेर काढ. पाच महिने झाले, आईनं मला ‘कार्टे’ म्हणून हाक मारलेली नाही.” आणि ताईनं फोन आदळला. उभ्या जन्मात मावशीनं लेकीला नावानं हाक मारली नव्हती. घरात कार्टी म्हणजे ताई, मग ती स्वतः आजी का झालेली असेना.

तर असा हा ओळंबा मावशीच्या खोलीत लॅपटॉपला फ्लॉपीचा ड्राइव्ह जोडून बसला होता आणि तेरा डिस्का त्याला ओळख देत नव्हत्या. चौदावी घातली, आणि ती उघडली! पडद्यावर सगळी चिन्हंच चिन्हं, मांजर कीबोर्डवरून पळत गेल्यासारखी, पण उघडली. जुन्या मशीनची अक्षरं नव्याला कळत नव्हती, एवढंच. मग ताईनं माळ्यावरून चादरीत गुंडाळलेलं ते जुनं धूड काढून दिलं. मावशीनं ते कुणाला टाकू दिलं नव्हतं. ओळंब्यानं आधी धूळ पुसली, मग टेबल भिंतीला समांतर केलं, मग समोरची फ्रेम थोडी तिरकी होती ती सरळ केली, आणि मग मशीन चालू केलं. पलंगावरून मावशीनं “हे!” असं जोरात म्हटलं. कशाला ते त्याला कळलं नाही.

चौदा नंबरवर चार ओळी होत्या.

‘भाच्यानं मशीन नीट करून दिल्यापासून ते माझ्या जुन्या डिस्का ओळखत नाही. भाचा म्हणतो, बुरशी. नवी डिस्क मात्र घेतंय. भाच्याला जे म्हणतात तो शब्द डिस्क नंबर चारवर ‘च’मध्ये आहे, पण ती उघडत नाही, म्हणून इथे लिहिता येत नाही.’

ओळंब्यानं ते दोनदा वाचलं.

त्याला तो दिवस आठवला. तो चहा प्यायला आला होता. मशीन जरा करकरतंय असं त्याला वाटलं. मावशी “राहू दे रे, चाललंय ना” म्हणेपर्यंत यानं झाकण उघडलंसुद्धा. डिस्कवर लिहिणारं आणि वाचणारं एक हेड असतं, ते ठरलेल्या गोल रेषांवरून फिरतं. मावशीच्या मशीनचं हेड रेषेच्या केसभर बाजूला फिरत होतं. पहिल्या दिवसापासून वाकडं लिहायचं आणि वाकडंच वाचायचं, त्यामुळे दोघांचा संसार सुखाचा. यानं स्क्रू ढिला करून हेड सरळ केलं. जुन्या खुणेचा लाल रंगही खरवडून काढला, स्वच्छतेची हौस दांडगी ना! आणि सरळ झालेलं हेड आपलंच वाकडं लिखाण ओळखेना. यानं मग बुरशीचं निदान केलं. मावशीनं कोश बंद केला, आणि घरातले सगळे अठरा वर्षं बिचाऱ्या बुरशीला दोष देत राहिले.

त्याला भयंकर लाज वाटली. पलंगाजवळ खुर्ची ओढून तो म्हणाला, “मावशी, बुरशी नव्हती गं. मीच घाण केली.”

मावशीनं त्याच्याकडे असं बघितलं की, बाळा, हे तुला आज कळलं, मला त्याच दिवशी कळलं होतं.

“मग आता?” दारातून ताईनं विचारलं.

“आता ते होतं तितकंच वाकडं करायचं.”

“मग कर की. तोंडं वाकडी करायला लोकांना वेळ लागत नाही, तुला एक स्क्रू जड?”

जडच होता. किती वाकडं ते सांगणारी खूण यानंच पुसलेली. शिवाय डिस्क आत पुन्हा पुन्हा घासून झिजते, म्हणजे सगळ्यांवर प्रयोग करायची सोय नाही. एक बळी द्यायला हवा होता. तेरा नंबरवर ‘प्रस्तावना’ लिहिलेलं होतं. प्रस्तावना तशीही कोण वाचतं? तिलाच धरली.

तीन दिवस तो रोज सकाळी यायचा, फ्रेम सरळ करायचा (रोज ती तिरकी झालेली असायची, खिळाच धड नसावा), स्क्रू केसभर फिरवायचा, डिस्क घालायचा. मशीन खर्र करून ‘वाचता येत नाही’ म्हणायचं. पुन्हा केसभर. पुन्हा खर्र. मावशी भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिसऱ्या दिवशी ताई बराच वेळ त्याच्या मागे उभी राहून बघत होती.

“अरे, तू वाकडं करतोस आणि हात काढताना परत सरळ करतोस.”

“छे!”

“छे काय? मी बघतेय ना. तुझ्या हाताला खोडच आहे. डोळे मीट, आणि डाव्या हातानं फिरव.”

ओळंब्यानं डोळे मिटले. डाव्या हातात स्क्रूड्रायव्हर धरला आणि जन्मात पहिल्यांदा एक काम मुद्दाम वाईट केलं. मशीन खर्र करायच्या ऐवजी नुसतं गुरगुरलं, पोटभर जेवलेल्या मांजरासारखं. त्यानं डोळे उघडले. पडद्यावर प्रस्तावना उभी होती.

“ताई!” तो ओरडला. ताईनं त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की स्क्रू पुन्हा हलतो की काय!

आधी त्यानं सगळ्या डिस्कांच्या नकला करून घेतल्या; तेवढी अक्कल आता आली होती. मग चार नंबर लावली, ‘च’ काढला, आणि पडदा मावशीकडे वळवला.

“मावशी, यातलं मी कोण, सांग. चहाडखोर?”

मावशीनं मान हलवली. नाही.

“चाबरा? चिकट? चेंगट?”

नाही. नाही. ‘चेंगट’ला ओठ जरा हलले आणि पुन्हा मिटले.

“चांडाळ?”

मावशीनं यावर थोडा विचार केला, पण नाही.

तास झाला, ‘च’ची निम्मी यादी अजून बाकी होती. शिवी खायला इतका उतावीळ झालेला माणूस त्या घरानं पाहिला नव्हता. पण मावशी दमली. डोळे पाणावले, हातानं तिनं ‘पुरे’ अशी खूण केली. ताई स्वयंपाकघरात निघून गेली. तिथे नळ उगाचच वाहायला लागला.

अठरा वर्षांपूर्वी एक कप चहा पिऊन गुमान घरी गेलो असतो तर हिचे शब्द आज हिच्या उशाशी असते, असं ओळंब्याला वाटलं. तो उठला. जाता जाता समोरची फ्रेम तिरकी दिसली, आणि हात आपोआप तिकडे गेला. फ्रेम सरळ झाली. खिडकीतलं ऊन काचेवर आपटलं आणि थेट मावशीच्या डोळ्यांत गेलं.

“चोंबड्या!”

ओळंबा गर्रकन वळला. शब्द स्वच्छ होता, अनुस्वारासकट.

“काय म्हणालीस?”

“चोंबड्या! मेल्या! ते... वाकडं... राहू दे!”

नळ बंद झाला. ताई ओल्या हातांनी दारात आली, आईकडे बघत उभी राहिली, आणि तिचं तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं. मावशीनं लेकीकडे मान वळवली. “का... का...” ती अडली. कपाळावरची शीर फुगली.

“कार्टे,” मावशी म्हणाली, “रडतेस काय?”

ताई पलंगावर कोसळली आणि आईला मिठी मारून हमसाहमशी रडायला लागली. ओळंब्यानं खांद्याला डोळे पुसले आणि फ्रेम होती तितकीच तिरकी करून ठेवली.