अठ्ठावन्न वॅगनची गाडी

शिरूरहून दौंडला येताना सुलक्षणानं पेढ्यांचे चार बॉक्स मांडीवरून खाली ठेवले नाहीत. एसटीतल्या शेजारणीनं विचारलं, काय गोड बातमी? सुलक्षणा म्हणाली, मालगाडी झाली. शेजारणीनं तोंड खिडकीकडं वळवलं.

बॉक्समध्ये कापसावर अठ्ठावन्न वॅगन होत्या. एकेक बोटाच्या पेराएवढी. अंग औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांच्या पत्र्याचं, चाकं म्हणजे रिफिलच्या चकत्या, दारांच्या कड्या सुईच्या टोकानं उठवलेल्या. कुणी शिकवलं नव्हतं. दोन वर्षं दुपारची भांडी झाली की ती खिडकीशी बसे. श्वास सोडायचा तो मान वळवून, नाहीतर चाक उडून जाई. एकदा सासूबाईंनी एक वॅगन केरात लोटली. ती सापडेपर्यंत सुलक्षणा केर चिवडत राहिली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मंगळसूत्र हरवलं तवा पण एवढं शोधलं नव्हतंस.

हे सगळं एका माणसासाठी. तिचे वडील मारुतराव, म्हणजे आबा, दौंडच्या रेल्वे यार्डात तीस वर्षं वॅगन तपासलेले. आज रिटायर लोकांचा मेळावा होता. जुन्या सोबत्यांपुढं आबांनी एवढंच म्हणावं, ही माझ्या पोरीनं केलीय.

हॉलमध्ये टेबल मांडलेलं होतं आणि त्यावर कार्ड आधीच ठेवलेलं: 'रविराज मारुतराव शितोळे'.

रविराज तिचा धाकटा भाऊ. रेल्वेच्या परीक्षेत चारदा नापास. आबांनी तिला बाजूला घेतलं. "तू शिरूरची. हितं तुला कोण ओळखतंय? त्याला जरा मान मिळू दे."

ती चिमट्यानं वॅगन मांडत राहिली. लोक येत होते, रविराजच्या पाठीवर थाप मारत होते. कशानं चिकटवली रे, असं कुणी विचारलं तर तो म्हणाला, गम लावून.

मग अयुबमामा आले. ते आबांचे यार्डातले जोडीदार. गाडी तपासताना एका अंगानं आबा चालायचे, पलीकडच्या अंगानं अयुबमामा. त्यांनी भिंग काढलं आणि सवयीनंच वाकून गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. मग टेबलाला वळसा घालून दुसरं अंगही.

"मारुतराव, ब्रेकच्या हवेची टाकी एकाच अंगाला असती, तुमच्या अंगाला," ते म्हणाले. "ह्यात दोन्हीकडं हाय. रविराज तर बारकेपणी माझ्या अंगानं चालायचा, त्याला ठावं असणार. ही ज्यानं केली, त्यानं गाडी कुंपणाभायेरनंच बघितलीय."

सुलक्षणानं हातातला चिमटा खाली ठेवला. शाळेत असताना आबांच्या जेवणाचा डबा तीच पोचवायची. आबा तो कुंपणाच्या तारेवरून घ्यायचे, म्हणायचे, पोरीच्या जातीला आत काय काम? गाडीला पलीकडचं अंग वेगळं असेल, हे दोन वर्षांत तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

पण गाडी कुणी केली हे अयुबमामांनी ओळखलं होतं. तिनं आबांकडं पाहिलं. आता तरी ते म्हणतील.

आणि आबा म्हणाले. हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आरं, रविराजनं न्हाई, आमच्या सुलीनं केलीय ती. बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं?"

हॉल हसला. रविराज तर सगळ्यांत मोकळा हसला. अयुबमामा तेवढे भिंग पुसत राहिले. मी त्यासाठी बोललो नव्हतो, असं ते हळूच म्हणाले, पण ते आबांच्या कानापर्यंत गेलं नाही. आबांनी पेन काढून कार्डावरचं नाव खोडलं आणि तिचं लिहिलं. आडनाव सासरचं.

सुलक्षणानं चिमटा उचलला आणि एकेक वॅगन कापसावर ठेवायला लागली.

"राहू दे की," आबा म्हणाले. "लोक बघत्यात."

"गाडीचं तुमच्याकडचं अंग बरोबर हाय आबा," ती म्हणाली. "तेवढं तरी बघायचं होतं तुम्ही."

आबा वाकले नाहीत. अठ्ठावन्न वॅगन उचलायला वेळ लागतो. निम्म्या व्हायच्या आत जेवणाची पंगत बसली, आणि आबा रविराजला शेजारी घेऊन जेवायला गेले.