दिवा विझेपर्यंतचा रस्ता

"काका, खरं सांगा. गाडी कुठे कुठे नेता?" मिस्त्रीने बॉनेटखालून डोकं बाहेर काढत विचारलं.

कुणी चारित्र्यावर बोट ठेवावं तसे कंट्रोलर ताठ झाले. "बँक, भाजी, दवाखाना," ते म्हणाले. "आणि घरी परत."

"किती होतं सगळं?"

"तीन किलोमीटर चारशे मीटर."

चौतीस वर्षं त्यांनी बस डेपोच्या खिडकीत बसून गाड्या सोडल्या होत्या. त्यामुळे निवृत्तीनंतरही लोक त्यांना कंट्रोलरच म्हणत, आणि अंतर विचारलं की ते मीटरपर्यंत सांगत.

"तिथेच घोडं पेंड खातंय," मिस्त्री म्हणाला. "हा नारिंगी दिवा पेटलाय ना, तो धूर गाळणाऱ्या फिल्टरचा. त्यात काजळी साठते. गाडी लांब पळाली, सायलेन्सर चांगला तापला, की ती आतल्या आत जळून जाते. तुमची गाडी तापायला लागते तोवर तुम्ही पिशवी घेऊन उतरलेले असता! चूल पेटवायची, पेटतेय म्हटलं की पाणी ओतायचं. असा संसार चालेल का?"

"मग औषध काय?"

"औषध नाही. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास सलग पळवा."

त्या संध्याकाळी कंट्रोलरांनी कॉलनीच्या मैदानाभोवती दुसऱ्या गिअरमध्ये एकेचाळीस फेऱ्या मारल्या. मोजून अर्धा तास. बाराव्या फेरीला शेजारच्या वकिलांनी गॅलरीतून विचारलं, "नवीन शिकताय का?" विसाव्या फेरीला वकिलांनी खुर्ची मांडली. दिवा काही विझला नाही.

"काका, पळवा म्हणालो होतो, घिरट्या घाला नव्हे," मिस्त्री फोनवर म्हणाला. "मोकळा रस्ता बघा. साठचा वेग धरा."

"मोकळा रस्ता म्हणजे कुठला आता?" फोन ठेवून कंट्रोलरांनी हवेतच विचारलं.

"नदीकडचा," बायको म्हणाली. ती बटण शिवत होती. मान वर केली नाही, पण उत्तर इतक्या झटकन आलं की जणू बरीच वर्षं ते ओठांवरच होतं.

त्या रस्त्याच्या शेवटी, एक्कावन्न किलोमीटरवर, तिचं माहेर. कंट्रोलरांनी रोज सकाळी सात दहाला लाउडस्पीकरवरून त्या गावाचं नाव घेतलं होतं, हजारो वेळा. बायकोला त्या बसमध्ये बसवून दिलं होतं चार वेळा. आधी ड्यूटी आडवी आली, मग मुलांच्या परीक्षा. मग तिचे आईवडील गेले, भावाने घर विकलं, आणि कंट्रोलरांना एक कायमचा प्रश्न सापडला: "आता तिथे जायचं कुणाकडे?" ती यावर कधी काही बोलत नसे. आपला मुद्दाच बिनतोड आहे, असं ते समजत.

रविवारी ती ठेवणीतली शाल घेऊन पुढच्या सीटवर बसली. गाडी पळाली. बत्तिसाव्या किलोमीटरला, पेट्रोल पंपाजवळ, दिवा विझला.

"झालं काम!" म्हणत कंट्रोलरांनी पंपावरूनच गाडी वळवली. पुढे पाटी होती, तिच्या गावाचं नाव आणि एकोणीस. पाटी दिसेनाशी होईपर्यंत ती आरशात बघत राहिली.

"मस्त पळाली की नाही?"

"हो."

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तोच पंप, तीच पाटी, तेच "मस्त पळाली".

तिसऱ्या वेळी दिवा विझला तो तिनेच आधी पाहिला. "गेला," ती म्हणाली. "वळवा."

कंट्रोलरांनी हा आवाज ओळखला. गाडी रद्द झाली म्हटल्यावर खिडकीशी भांडणारे प्रवासी असत, त्यांना ते पुरून उरत. पण काही जण नुसतं "बरं" म्हणत आणि पिशवी उचलून चालू लागत. त्यांचं काय करायचं, ते चौतीस वर्षांत त्यांना समजलं नव्हतं.

पंप मागे पडला.

"अहो, पंप गेला!"

"दिसला मला."

"पण दिवा विझलाय."

"दिव्याचं काय घेऊन बसलीस? तुमचं घर पुलानंतर डावीकडे की उजवीकडे?"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "डावीकडे. दुसरी गल्ली." आणि तिथून जी बोलत सुटली! सायकलवरून कुठे पडली, कुठल्या दुकानदाराला सगळी मुलं 'मुंगूस' म्हणत, नदीला पाणी चढलं की शाळा कशी बुडायची. एकोणीस किलोमीटर कंट्रोलरांना एक शब्द मधे घालता आला नाही.

घर नव्हतंच. त्या जागी फिकट निळा दुमजली बंगला उभा होता. मागच्या बाजूची विहीर तेवढी जुनी दिसत होती.

"चला, बघितलं," ती म्हणाली. पण तिचा हात दाराच्या कडीवर होता.

"उतर की."

"कुणाकडे जायचं?"

आपला प्रश्न इतका वाईट ऐकू येतो, हे कंट्रोलरांना पहिल्यांदाच कळलं.

"पाणी माग," ते म्हणाले. "पाणी मागायला ओळख लागत नाही."

ती उतरली. दार एका तरुण बाईने उघडलं. काहीतरी बोलणं झालं, ते गाडीत ऐकू आलं नाही. मग दोघी घराला वळसा घालून विहिरीकडे गेल्या.

बऱ्याच वेळाने ती भरलेला ग्लास घेऊन गाडीपाशी आली. पदराने डोळे पुसल्याचं लपवण्याइतकं तिला भान नव्हतं.

"घ्या. सगळं बदललंय हो. पाणी तेच आहे."

कंट्रोलरांनी ग्लास तळापर्यंत रिकामा केला. पाणी पाण्यासारखंच लागलं.

"अगदी तेच," ते म्हणाले.

"ग्लास परत द्यायला हवा ना?"

"मग दे की. घाई कुणाला आहे?"

रिकामा ग्लास दोन्ही हातांत धरून, सांडेल की काय अशा जपणुकीने, ती पुन्हा फाटकातून आत गेली. खरं तर मिनिटाभराचं काम. पण ती बराच वेळ बाहेर आली नाही.