बटणांची गाणी

माझ्या धाकट्या सुनेने मला माझ्याच घरात चालायची बंदी केली. "आई, रेकॉर्डीची बाजू संपेपर्यंत उठू नका हं. जमिनीच्या फळ्या हलतात, सुई उडते." या फळ्यांवर मी चार पोरं नाचवली, तेव्हा नाही कुणाची सुई उडाली! ही बाई सकाळी दवाखान्यात लोकांचं रक्त तपासते आणि दुपारी घरी येऊन मला तपासते.

काम काय, तर आमच्या ह्यांच्या जुन्या रेकॉर्डी लॅपटॉपात भरायच्या. प्लेअरची वायर लॅपटॉपला जोडायची आणि सुई टेकवायची. रेकॉर्ड वाजेल तितकाच वेळ लागतो, एका बाजूला वीस मिनिटं. तिथे कुणाची घाई चालत नाही. हे मला आवडलं, पण तिला कशाला सांगू?

आमचे हे शिंपी. रेकॉर्डींची कागदी पाकिटं ओल लागून कुजली, तेव्हा ह्यांनी कोटाच्या करड्या अस्तराच्या सेहेचाळीस पिशव्या शिवल्या, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक बटण. एकासारखं दुसरं नाही. पोरं विचारायची, तर म्हणायचे, "शोभेला." मी दुसरीतून शाळा सोडलेली. अक्षरं जोडून जोडून वाचते, आणि रेकॉर्डीवरची तर बारीक, वर गोल फिरवलेली. ह्यांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. नुसती बटणं लावली. हे गेल्यावरही बारा वर्षं मी हवं ते गाणं काढून लावत आले, कुणाला हाक न मारता.

एके दिवशी माजघरात आले, तर दोरीवर सेहेचाळीस पिशव्या वाळत! आणि बटणं सगळी एका वाडग्यात.

"अगं, हे काय केलंस?"

"धूळ होती आई, सुई खराब होते. बटणांनी शेजारच्या रेकॉर्डीला चरे पडत होते, म्हणून काढली."

"कुठलं कुठे होतं, लिहून ठेवलंस?"

तिने जीभ चावली. दवाखान्यात बाटलीबाटलीवर चिठ्ठी लावणारी बाई, इथे विसरली. वर मलाच समजावते, "आता बटणं लागणारच नाहीत. सगळं फोनवर येईल. नाव शोधायचं की झालं. हे बघा, वाचून सांगा बरं, नीट लिहिलंय ना मी?"

"माझा चष्मा सापडत नाहीये," मी म्हटलं.

ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली. चष्मा तिथेच होता.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासली. एवढी वर्षं झाकलेलं एका वाडग्याने उघडं पाडलं. आणि उद्यापासून गाणं ऐकायला सुनेच्या तोंडाकडे बघत बसायचं? त्यापेक्षा नकोच ते गाणं.

दुसऱ्या दिवशी वाडगा माझ्या खुर्चीशेजारी ठेवलेला. तिने सुई टेकवली. व्हायोलिनचा पहिला सूर निघाला, आणि माझा हात आपोआप वाडग्यात गेला.

"हे. शिंगाचं, चार भोकांचं. डॉक्टरच्या कोटाचं उरलेलं."

तिने बटण घेतलं, फोनने त्याचा फोटो काढला आणि त्या रेकॉर्डीच्या पिशवीत टाकून ठेवलं. पुढची रेकॉर्ड. बासरी. "निळं काचेचं. एका नवरीच्या झग्याचं होतं. बाई जाडी झाली, झगा न्यायला आलीच नाही." सून हसली, मग मीही हसले, सुई उडाली, आणि ती बाजू पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागली.

नऊ दुपारी आम्ही तशा बसलो. वाडग्यात शेवटी एकच उरलं, पांढरं शिंपल्याचं. ह्यांनी शिवलेल्या माझ्या पहिल्या पोलक्याचं. ते कुठल्या गाण्याचं, हे सांगायला रेकॉर्ड वाजवावी लागली नाही.

काल तिने फोन माझ्या हातात दिला. वर एक अक्षर नाही. नुसती बटणं, ओळीने सेहेचाळीस. मी शिंपल्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि ह्यांचं आवडतं गाणं सुरू झालं, मधल्या खरखरीसकट. मी उठून खिडकीपर्यंत चालत गेले. सुई उडाली नाही.

पिशव्यांवरही तिने बटणं परत शिवली होती, या खेपेला बाहेरच्या कडेला, म्हणजे रेकॉर्डीला लागू नयेत. मी एक पिशवी उजेडात धरली, बटण ओढून पाहिलं. ती नखं कुरतडत उभी.

"टाके ढिले आहेत," मी म्हटलं. "शिंप्याच्या घरात हे चालत नाही. आण सुईदोरा, बस इथे, मी दाखवते. आणि ऐक. ह्यांच्यानंतर न विचारता ज्याला मी कळले, असं माणूस या घरात तू एकटी आहेस. आता डोळे पूस, दोरा ओवता यायचा नाही."