चिनाराचं झुंबर

नव्या लग्नमहालासाठी पिराच्या झऱ्याजवळचा चिनार तोडणार, हे मर्गिलानच्या बाजारात कळलं आणि तुराब उस्ता हातातलं काम टाकून उठला. उस्ता जातीचा लोहार, लोखंडाला पालवी फोडील असा. पण त्याची काळजी झाडाची नव्हती. त्याच्या बायकोनं, ओयदिननं, चिनाराच्या खालच्या फांदीला मुलाच्या सदऱ्याची चिंधी बांधली होती. सरवर रशियात इमारतींच्या कामावर गेला आणि तिकडेच गडप झाला. फोन नाही, निरोप नाही. चिंधी बांधायची ती ज्याचं मागणं त्यानं, आणि सोडायची तीही त्यानंच, मागणं पुरं झाल्यावर. दुसऱ्याचा हात गाठीला लागला की मागणं बुडालं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

महालाचा मालक हाशिमअका उस्ताकडे हसतच आला. "उस्ता, तोंड का पाडलंय? तोच चिनार मी आत टांगणार! लोखंडाच्या फांद्या, तांब्याची पानं, पानाआड दिवे."

"आधी झाड मारायचं, मग त्याचं बुजगावणं करायचं?"

"बुजगावणं नाही हो, झुंबर! तुम्ही नाही म्हणालात तर ताश्कंदहून आणीन. झाड काही राहत नाही."

उस्तानं काम घेतलं, पण ती खालची फांदी मागून घेतली. स्वतःच करवतीनं उतरवली. गाठीला बोट लागू दिलं नाही, आणि घरी आणून अंगणातल्या भिंतीला टेकवली. आपण केवढी शक्कल लढवली, असं त्या भल्या माणसाला वाटत होतं. भल्या माणसांचं हेच तर वाईट असतं.

ओयदिन तंदूरमधून रोट्या काढत होती. फांदी बघताच तिच्या हातची रोटी निखाऱ्यात पडली.

"अहो, हे काय केलंत?"

"गाठ शाबूत आहे बघ. माझाही हात लागला नाही."

"गाठीला नाही लागला, झाडाला लागला ना! मी जित्या झाडाला बांधली होती. आता ही सरपणाला बांधलेली."

उस्ता ओशाळला. "मी हुबेहूब अशीच फांदी घडवीन. तू तिथं बांध."

"तिथं बांधायला इथली सोडावी लागेल. सोडू? आलाय तो?"

उस्ता भट्टीकडे गेला आणि हिवाळाभर लोखंडावर घण घालत राहिला. अंगणात फांदीची पानं वाळून गळत होती. ओयदिन फांदीचं कापलेलं टोक बादलीत ठेवून रोज पाणी बदलायची. उस्ता ते बघायचा आणि मान फिरवायचा.

महालाच्या पहिल्या लग्नात झुंबर लागलं. दिवे उजळले तशा सगळ्यांच्या माना वर झाल्या. म्हाताऱ्या बायांनी सवयीनं, झाडाखाली दुवा मागताना करायच्या तशी, ओंजळ वर करून तोंडावरून हात फिरवले आणि मग स्वतःशीच लाजून हसल्या. "उस्ता, नाव काढलंत!" हाशिमअकानं पाठ थोपटली. कित्येक महिन्यांनी उस्ताला बरं वाटलं. खालची फांदी त्यानं ओयदिनसाठीच घडवली होती. तिला आत्ताच आणून दाखवू, म्हणून तो भर दुपारी धावतपळत घरी गेला.

अंगण झाडलेलं होतं. फांदीचे तुकडे तंदूरमध्ये जळत होते. ओयदिन शोकाचे निळे कपडे घालून ओट्यावर बसली होती, आणि चिंधी धुऊन तिच्या मांडीवर घडी घातलेली.

"खबर आली?" उस्तानं दारातूनच विचारलं.

"नाही आली."

"मग हे काय मांडलंयस? पोरगं जिवंत असेल!"

"असेल. पण माझ्यानं आता लाकडाला पाणी घालवत नाही हो. गाठ मी सोडली." ती शांतपणे म्हणाली. "शेजारी सांगून आलेय. माणसं येतील, दारात उभे राहा."

ओरडावं, ती चिंधी हिसकावून घ्यावी असं उस्ताला वाटलं. पण कुठल्या तोंडानं? करवत त्याच्याच हातातली. त्यानं अंगरख्यावरून कमरेला शेला आवळला, कोपऱ्यातली काठी घेतली आणि मयताच्या घरी बाप उभा राहतो तसा दाराबाहेर उभा राहिला.

लग्न जेवून सोलीजान न्हावी गल्लीतून येत होता. झुंबराची तारीफ करायला त्यानं लांबूनच हात वर केला, आणि शेला दिसताच तो खाली घेतला.

"उस्ता... कोण गेलं?"

"सरवर," उस्ता म्हणाला.