काटेझाडावरचा मोजा

पेग टुही उंबऱ्यावर आली की तिच्या हातात टोपली असो वा नसो, जिभेवर बातमी हमखास असे. मे महिन्यातल्या त्या सकाळी तर ती आत येऊन टेकण्याआधीच बोलली.

"ओनोरा, तुमच्या विहिरीवरचं झाड नाचाला निघालंय की गं! चक्क नायलॉनचा मोजा चढवलाय त्यानं."

ओनोरा हेहिर त्या वेळी पावाच्या गोळ्यावर सुरीने फुली पाडत होती. फुली पडल्याशिवाय सोड्याचा पाव निखाऱ्यांवर जाणार नाही, हा तिच्या स्वयंपाकघराचा नियम होता. आणि त्या स्वयंपाकघरात तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाचा नियम चालत नसे. तिने फुली पुरी केली, पाव लोखंडी भांड्यात ठेवला, झाकणावर निखारे रचले आणि मगच मान वर केली.

"बांधला असेल कोणीतरी. झाडावरची चिंधी कोणाची हे विचारायचं नसतं. एवढं म्हातारपण आलं तरी तुला हे शिकवायचंच का मी?"

"विचारतेय कुठं? मी आपलं सांगतेय. बदामी रंगाचा, तलम मोजा. आता बोस्टनहून असले मोजे गावात कोणाच्या घरी येतात, ते काय मला ठाऊक नाही होय?"

"तुला सगळंच ठाऊक. मग तुझ्या कोंबड्यांनी अंडी घालायचं का सोडलंय, तेही ठाऊक असेल."

पेगने टोमणा हसून गिळला, त्यावर दोन कप चहा घेतला आणि उठता उठता म्हणाली, "पुढच्या महिन्यात विहिरीची जत्रा. सगळ्या बाया जमतील. म्हटलं, तुझ्या कानावर घालावं." या शेवटच्या वाक्यात कुचेष्टा नव्हती. हे ओनोराला कळले, आणि म्हणूनच ते तिला अधिक लागले.

बोस्टनहून मोजे येणारे घर गावात एकच होते, आणि ते हेहिरांचे होते. सून नेसा ही लिमरिक शहरातल्या कापडवाल्याची मुलगी. तिची बहीण अमेरिकेतून तिला गठ्ठ्याने कपडे पाठवी. फिनटनशी तिचे लग्न होऊन चार वर्षे झाली, तरी घरात पाळणा हलला नव्हता. या गोष्टीचा उच्चार घरात कोणी करीत नसे. सुनेला असले प्रश्न विचारणाऱ्या सासवा ओनोराने क्लेअर परगण्यात पुष्कळ पाहिल्या होत्या, आणि आपण त्यांच्यातल्या नाही याचा तिला अभिमान होता. नेसाही मुकाट्याने वासरांना दूध पाजी, कपडे वाळत घाली, आणि दुसऱ्याच्या बाळाच्या बारशाहून परतली की त्या रात्री तिला भूक नसे.

आता ती झाडापाशी गेली होती. एकटी, कोणाला न सांगता; आणि जाऊन तिने नायलॉन बांधले होते.

ओनोराने काठी घेतली. एप्रन सोडण्याचेही भान तिला राहिले नाही.

विहीर कुरणाच्या खालच्या टोकाला होती आणि तिच्यावर ते काटेझाड ओणवे झाले होते. समुद्रावरच्या वाऱ्याने त्याला एका बाजूला झुकवले होते, पण पाडले मात्र नव्हते. नवा रस्ता आखायला आलेल्या साहेबाला ते मध्ये आले, तेव्हा गावातला एकही माणूस त्याला कुऱ्हाड लावीना. शेवटी रस्ताच वळसा घालून गेला. मे महिन्यात ते पांढऱ्या फुलांनी असे लगडे की पाने दिसू नयेत. पण त्याची एक डहाळीही घरात आणायची नाही, आणली तर घरातले माणूस जाते. गोठ्याच्या दारावर रोवनची फांदी लावावी, पाळण्याला अ‍ॅशचे लाकूड वापरावे. त्या झाडांची माणसाशी सोयरीक असते. काटेझाडाची सोयरीक पलीकडच्यांशी. ते दोन जगांच्या बांधावर उभे असते, आणि म्हणूनच या जगातले दुखणे त्याच्या हाती सोपवता येते.

सोपवण्याची रीत मात्र पक्की होती. अंगावरच्या कपड्याची पट्टी फाडायची, विहिरीच्या पाण्यात भिजवायची, दुखऱ्या जागी लावायची आणि झाडाला बांधायची. मग ऊन, वारा, पाऊस यांनी ती चिंधी जसजशी कुजेल, तसतसे दुखणे विरत जाई. चिंधी गळून पडली की माणूस मोकळा. फांद्यांवर अशी कितीतरी दुखणी लोंबत होती: संधिवाताने पिचलेले गुडघे, मुलांचे खोकले, कोणाचे न सांगता येणारे काही. सगळ्यांचा रंग उडून ती एकसारखीच करडी झाली होती.

त्यांच्यामध्ये तो मोजा कालच दुकानातून आणल्यासारखा तकाकत होता.

ओनोरा त्याच्याकडे पाहत राहिली. मागच्या साली नेसाचा असाच एक मोजा वाळणीवरून उडून कुंपणात अडकला होता. सबंध हिवाळा त्याने तिथे काढला, आणि वसंतात तो जसाच्या तसा निघाला होता. हे कापड कुजणारे नव्हते. नेसा म्हातारी होईल, हे झाडही एक दिवस पडेल, पण मोजा तसाच राहील. आणि मोजा आहे तोवर पोरीचे दुःखही तिथेच लोंबत राहील.

सोडवायचा कोणी? बांधणाऱ्याने स्वतःची चिंधी सोडली तर दुखणे दुपटीने परत येते. दुसऱ्याने सोडली तर ते सोडणाऱ्याला लागते. म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या कोणी दुसऱ्याच्या चिंधीला बोट लावले नव्हते. तापाची, क्षयाची चिंधी कोण आपल्या घरी नेईल? आणि काटेझाडावर लोखंड चालवायचे नाही, म्हणजे कात्रीचाही प्रश्न नव्हता.

ओनोरा काठीवर भार देऊन बराच वेळ उभी राहिली. दुखणे सोडणाऱ्याला लागते. कोणते दुखणे? मूल न होण्याचे.

मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असे काही हसू पसरले, की ते पाहायला पेग टुही तिथे नव्हती हे बरेच झाले. तिने काठी झाडाच्या बुंध्याला टेकवली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि गाठीला हात घातला.

नायलॉनची गाठ मोठी हट्टी असते. त्यात काट्यांनी तिच्या बोटांना चांगलेच ओरबाडले. अर्धी गाठ सैल झाली न झाली तोच मागून बादली आपटल्याचा आवाज आला.

"आई! हात लावू नका!"

नेसा कुरणातून धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सोडू नका तो. दुसऱ्यानं सोडला तर त्याला लागतं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच म्हणाला होता. माझ्या पहिल्या जत्रेला."

"मग मी बरोबरच म्हणाले असेन. काय लागतं?"

नेसाने मान खाली घातली. "तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे गं. पण चार वर्षं आपण दोघी एका चुलीपाशी बसतोय आणि हवापाण्याच्या गप्पा मारतोय. आज तुझ्या तोंडून ऐकू दे."

खाली विहिरीत पाणी झिरपण्याचा बारीक आवाज येत होता. नेसा म्हणाली, "मला मूल होत नाही, आई."

"हं. आता जरा माझ्याकडे बघ. नीट बघ. चौऱ्याहत्तरावं चालू आहे मला. सात बाळंतपणं काढली, त्यातलं शेवटचं तुझ्या नवऱ्याचं, आणि त्यानं जो छळ मांडला तो अजून संपलेला नाही. तुझं हे दुखणं मला लागलं, तर ते माझं काय वाकडं करणार आहे? पुढच्या साली मला पोर होणार नाही, एवढंच ना? होऊ नये अशीच माझी प्रार्थना आहे!"

नेसाला हसू फुटले, ते थांबेना. आणि हसता हसता कधी ती रडू लागली ते तिचे तिलाही कळले नाही. ओनोराने तिला जवळ घेतले नाही, कारण तिचे दोन्ही हात गाठीत गुंतले होते. "रडून घे," ती म्हणाली, "पण त्या फांदीचा काटा तेवढा बाजूला धर. बोटं फाडली बघ माझी."

गाठ सुटली. ओनोराने मोजा ताणून पाहिला आणि खिशात कोंबला. "चला. आजपासून मी वांझ. पण पोरी, नायलॉन का गं बांधलंस?"

"माझ्याकडचं सगळ्यात चांगलं तेच होतं," नेसा डोळे पुसत म्हणाली. "वाटलं, एवढं मोठं मागायचं तर जुनेर कसं द्यायचं?"

ओनोराचा आवाज खाली आला. "वेडी गं माझी बाई. हे देणं नव्हे, टाकणं आहे. टाकायला फाटकं लागतं, कुजणारं लागतं. आण, आता दुसरी पट्टी फाड. अंगावर काय आहे तुझ्या? तो स्वेटर लोकरीचा ना?"

"नाही. नायलॉनचाच."

"झगा?"

"तोही त्यातलाच. इस्त्री लागत नाही."

"आत काय घातलंयस?"

"आई!"

"सगळ्या आयर्लंडात कुजेल असा एक धागा अंगावर नसलेली सून माझ्याच घरी यायची होती!"

"मग तुमच्या एप्रनची पट्टी फाडू का?"

"माझ्या घामाचं कापड तुझं दुखणं कसं नेईल? त्यानं तुझं अंग ओळखायला हवं, तुझा घाम त्यात मुरायला हवा." एवढे बोलून ओनोरा थांबली. पिठाच्या गोणीचा, धुऊन धुऊन मऊ झालेला तो एप्रन तिच्या कमरेला होता. तिच्या घरात एप्रन ज्या कमरेला, चूल तिच्या हातात, ही गोष्ट दगडावरची रेघ होती. ती आपल्या सासूच्या हाताखाली किती वर्षे नुसती भांडी घाशीत राहिली होती, ते तिला चांगले आठवत होते.

तिने मागे हात नेला आणि नाडी सोडली.

"हा घे. जत्रेपर्यंत अंगावरून उतरवायचा नाही."

"मग स्वयंपाक?"

"एप्रन घालून कोणी गवत कापतं का? तूच करणार स्वयंपाक. मी बसेन."

ओनोरा बसली, पण ते बसणे म्हणजे काय होते हे घरच्यांनाच माहीत. पहिल्या संध्याकाळी फिनटन शेतावरून आला, त्याने आईला रिकाम्या हातांनी खुर्चीत पाहिले आणि दारातच टोपी काढली. "आई, काय होतंय तुला? डॉक्टरांना बोलावू का?"

"मला काही होत नाही. जेव मुकाट्यानं."

नेसाचा पहिला पाव फुलीवाचून निखाऱ्यांवर गेला. ओनोराने ते पाहिले, खुर्चीचे हात घट्ट धरले आणि छताकडे दृष्टी लावली. कोबी जास्त शिजला, डुकराच्या मांसाला मीठ कमी पडले, चहा तर इतका फिका झाला की कपाचा तळ दिसावा. ती तो शेवटपर्यंत प्याली. दुसऱ्या आठवड्यात नेसाने बटाट्यांत पातीचा कांदा आणि लोणी घालून काहीतरी केले, त्याला ओनोराने न बोलता दुसऱ्यांदा ताट पुढे केले. एप्रनवर डाग पडले, राख लागली, कमरेपाशी घामाच्या कडा उमटल्या. आणि त्या सगळ्या काळात दोघी चुलीपाशी पूर्वी कधी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या. ओनोराने आपल्या जगू न शकलेल्या दोन मुलांची नावे सांगितली. नेसाने ती लक्षात ठेवली.

जत्रेच्या दिवशी सगळ्या बायकांबरोबर त्या दोघींनी सूर्य फिरतो त्या दिशेने विहिरीला प्रदक्षिणा घातल्या. नेसाने एप्रनची कड फाडली, पाण्यात भिजवली, सगळ्यांसमोर पोटाशी धरली आणि झाडाला बांधली. तिने इकडेतिकडे पाहिले नाही. पेग टुही मात्र फांद्या न्याहाळत ओनोराच्या कानाशी लागली.

"काय गं, मोजा कुठं गेला?"

"नाचून दमला. घरी गेला."

फाटका एप्रन ओनोराने परत मागितला नाही.

त्या साली उन्हाळा आलाच नाही. गवत कापून पडले आणि पावसाने जी धार धरली ती सुटेना. फिनटन दिवसातून दहा वेळा दारात जाई, आभाळाकडे पाही, शिव्या देई आणि परत येई. नेसा चुलीपाशी पाव उलथत होती. ओनोरा खिडकीपाशी बसून खालच्या कुरणाकडे पाहत होती. पावसाच्या पडद्याआड काटेझाड जेमतेम दिसत होते.

"पड बाबा," ती म्हणाली. "चांगला पड."

फिनटन गर्रकन वळला. "आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? हा असाच आणखी आठवडाभर पडला, तर बाहेर आहे ते सगळं कुजून जाईल!"

चुलीपाशी नेसाचा हात थांबला. तिने ओठ दाबून धरले, पण खांदे हलू लागलेच.

ओनोराने लेकाकडे मोठ्या मायेने पाहिले.

"तुझ्या तोंडात साखर पडो," ती म्हणाली.